म्हशीच्या गावाला

९ मार्च, सोमवार
ह्यांनी सकाळी डेअरीवर पेढे वाटले. मला विचारलं नाही, स्नेहलला विचारलं नाही. "लेक न्यूयॉर्कला चालली शिकायला!" असं दूध घालायला आलेल्या अख्ख्या वडगावला ऐकवून आले. घरी येऊन चहा मागितला, तेवढ्यात स्नेहल मोबाईल घेऊन ओट्यापाशी आली.
"पप्पा, न्यूयॉर्क शहर न्हाय. न्यूयॉर्क राज्य. गावाचं नाव बफेलो."
"बफेलो म्हंजी?"
तात्या, म्हणजे माझे सासरे, पडवीतून ओरडले, "म्हंजी म्हैस! एवढं इंग्रजी मलाबी येतं."
मला हसू आवरेना. हसायला नको होतं. ह्यांचा चहा तसाच गार झाला.

१० मार्च
चूक ह्यांचीच तरी कशी म्हणू? कॉलेजच्या पत्रावर "बफेलो, न्यूयॉर्क" असंच छापलंय. आमी पण परक्या माणसाला "पुण्याचे" म्हणूनच सांगतो. वडगाव कुठलं, बारामती तालुका कुठं, कोण ऐकत बसतंय.
डेअरीवर कुणी तरी म्हणालं म्हणे, "म्हशीच्या गावाला जायाला इमान कशाला? आमच्या गोठ्यात या की." हे दुपारी जेवले नाहीत.

१२ मार्च
दुसरं पत्र बोस्टनचं आहे. नाव मोठं. पण तिथं स्ने. ला (सारखं पूर्ण नाव कोण लिहीत बसणार) पूल आणि इमारती शिकवणार. तिला शिकायचंय पाणी. कालवे, पाण्याची वाटणी. ते बफेलोत आहे, फीपण माफ. लहान असताना माझ्या माहेरी गेली की कोरड्या कालव्यात उतरून खेळायची, तेव्हापासूनचं वेड.
ह्यांचं एकच. "बोस्टनला जा, न्हायतर यंदा ऱ्हाऊ दे."
यंदा राहिलं की राहिलंच. मला माहीत आहे. मी पण बारावीनंतर "यंदा राहू दे" म्हणूनच राहिले होते. १५ एप्रिलपर्यंत मोबाईलवर बटण दाबून उत्तर कळवायचंय.

१९ मार्च, पाडवा
गुढी उभारली. जेवण झाल्यावर तात्यांनी फर्मान काढलं, सोयरीक बघतात तसं बघू. घराणं जुनं किती, पाणी कुठलं, बोलबाला कसा. स्ने. नं मोबाईलवर नकाशा काढला. ती सांगणार, तात्या आपल्याकडचं गाव जुळवणार.
न्यूयॉर्क म्हणजे मुंबई. वाद नाही. बोस्टन? "जुनं, शिकल्याल्यांचं, आन् सोताला लई शाणं समजतंय? मग पुणं." फिलाडेल्फिया आधी राजधानी होती, मग राजधानी हलली. तात्या म्हणाले, सातारा. शिकागो जळून राख झालं आणि परत उभं राहिलं, हे त्यांना फार आवडलं, पण जोडीला गाव सापडेना. डेट्रॉइटला मोटारींचे कारखाने बंद पडले म्हटल्यावर "सोलापूर" म्हणाले. त्यांचा मेहुणा होता तिथल्या गिरणीत, ती बंद पडली तेव्हा.
"बोस्टन जुनं म्हंजी किती?"
"चारशे वर्षं, तात्या."
"हॅ! आपल्या म्हादेवाच्या देवळाची पायरी त्येच्यापरीस जुनी आसंल."
मग बफेलो. एके काळी धान्याची जबर पेठ, विजेचे दिवे लई लवकर आलेले, कोट्यधीशांचे बंगले. आता पहिल्यासारखं राहिलं नाही. बर्फ मात्र ढिगानं.
"म्हंजी इंदापूर," तात्या म्हणाले.
हे पण हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा. मी ताटं उचलून आत गेले.

२० मार्च
राग अजून गेला नाही. लिहूनच टाकते.
माझं माहेर इंदापूरकडं, कालव्याच्या टेलला, म्हणजे पार शेवटच्या टोकाला. वरच्यांची भरणी होऊन आमच्याकडं पाणी पोचेपर्यंत पाण्याची पाळी संपलेली असायची. सव्वीस वर्षांपूर्वी या घरात आले. तेव्हापासून आमटी जरा पातळ झाली की तात्यांचं ठरलेलं. "टेलची हाय. पाणी दिसलं की भान सुटतं." सगळे हसतात. मीसुद्धा हसत आले. मला ते कधीच आवडलं नाही.

१ एप्रिल
स्ने. भाकरी थापताना शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, बफेलो मोठं झालं ते कालव्यामुळं." लांबून, शेकडो मैल खणत आले. नावेनं धान्य न्यायचे.
मी विचारलं, "बफेलो मुखाला का टेलला?"
"शेवटाला. कालवा तिथंच संपतो."
तव्यावरची भाकरी करपली. म्हटलं, घ्या. आई टेलची, लेक पण टेललाच चालली.

३ एप्रिल
डोक्यातून जाईना. दुपारी तिला परत धरलं. "खणत कुठून आले ते सांगितलंस. पाणी कुठनं सोडायचे?"
"म्हंजे?"
"म्हंजे काय म्हंजे! इंजिनेर झालीस ना? टेलच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो."
तिला माहीत नव्हतं. तासभर शोधत होती. मग पळत आली. बफेलोला समुद्राएवढं तळं आहे. कालव्याच्या त्या अंगाला पाणी त्या तळ्यातूनच आत घ्यायचे. खणत आले तिकडून, पण पाणी इकडून!
मी मोठ्यानं हसले. एकटीच.

४ एप्रिल
सकाळी तात्यांच्या पुढ्यात सांगितलं. मीच सांगितलं, स्ने. ला बोलू दिलं नाही.
तात्यांनी पानाचा तोबरा एका गालात सारला. "म्हंजी टेल न्हाय. मुख!"
"व्हय. मुख."
हे म्हशीला आंबोण ठेवत होते. वर न बघता म्हणाले, "मुखाला व्हय?" आणि बादली घेऊन गेले. बस, एवढंच. पण दुपारी एक भाकरी जास्त मागून घेतली.

११ एप्रिल
अजून हो नाही, नाही नाही. स्ने. पायात काटा मोडल्यासारखी चालते घरात. आज ह्यांनी तिला विचारलं, "तितं एवढ्या बर्फात गुरं कुठं बांधत्यात?" तिनं गोठ्यांचे फोटो दाखवले. बराच वेळ बघत होते. "ह्यो पत्रा आपल्याला बसवाया पायजे," म्हणाले.

१५ एप्रिल
सकाळी दूध घेऊन निघताना ह्यांनी हाक मारली, "स्नेहल, मी येईस्तोवर बटण दाबू नगंस."
पोरीचा चेहरा एवढासा झाला. मी देवाला हात जोडले आणि ह्यांना मनात चार शिव्या पण घातल्या.
नऊला आले. हातात पेढ्यांचा पुडा, रिकामाच म्हणायचा. तळाला एकच पेढा, तो तिच्या हातावर ठेवला.
"काय सांगितलं तुमी डेअरीवर?" मी विचारलं.
"काय सांगायचं? म्हशीच्या गावाला चालली म्हणलं. हसायचं तेवढं हसून घ्या म्हणलं." मग स्ने. ला, "दाब आता."
तिनं दाबलं. व्हिसा अजून व्हायचाय, मुंबईला बोलावतील तेव्हा. देतात, न देतात. तात्या म्हणतात, पाळी लागली की येतंच पाणी. आमच्या टेलला नाही यायचं.
या गडबडीत आमटी पार पातळ झाली. तात्यांनी वाटी तोंडाला लावली, माझ्याकडं बघितलं. मी वाटच बघत होते.
"वाढ अजून," म्हणाले.