पुदिना आयत्या वेळी

१९ एप्रिल, शनिवार
प्रभाताईंचा फोन. पुढच्या शुक्रवारी मंडळाचं चैत्राचं हळदीकुंकू. "सुनंदा, फ्रूट सॅलड तुझंच हं. साठ जणींचं. पातेलं तयार ठेव, चारला गाडी पाठवते." म्हटलं, गाडी काहून, मी घेऊनच येते की. मग म्हणे, "उन्हाचं तू कशाला गं... पातेलं आलं म्हणजे झालं."

फोन ठेवल्यावर डोक्यात उजेड पडला. पातेलं यावं, बाई येऊ नये.

गेल्या वर्षी कोणी विचारलंच नाही. तेव्हा ठीक होतं, यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. आता जूनमध्ये दोन होतील.

२० एप्रिल, रविवार
सकाळपासून भांडी आदळून राहिले. तेवीस वर्षं या मंडळात. सतरंज्या घातल्या, आंब्याची डाळ वाटली, गौरीची आरास केली. फ्रू. सॅ. म्हणजे तेव्हा कस्टर्ड. घट्ट दूध, त्यात काळं पडलेलं केळं. आपल्या जबलपूरच्या उन्हात दोन चमच्यांत जीव जड व्हायचा. मी ते बंद करून नुसती गार फळं, लिंबू आणि पुदिना आणला. पहिल्या वर्षी याच प्र.ताई म्हणाल्या, "दूध परवडलं नाही का गं?" आणि शेवटी दुसरी वाटी घ्यायला याच पुढे.

हात चालतो माझा. कपाळ चालत नाही.

२१ एप्रिल, सोमवार
मीच फोन केला. सरळ विचारलं, मी येऊ की नको?
"तू आपलीच आहेस गं. पण नव्या सुना असतात, कोणाच्या मनात काही आलं तर तुलाच वाईट वाटेल." म्हणजे माझ्याच काळजीपोटी मला घरी बसवून राहिल्या. काय पण माया.

मी सांगितलं, पुदिना आयत्या वेळी हातानं तोडून घालावा लागतो, मीठही तेव्हाच. आधी घातलं तर पाणी सुटतं, पानं काळी पडतात. चारला नेलेलं सहाला कोणी तोंडात धरणार नाही. तर म्हणाल्या, "मग चिठ्ठी लिहून दे ना, आम्ही घालू."

तेहतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता पुदिन्याची चिठ्ठी लिहू.

२३ एप्रिल, बुधवार
चिठ्ठी लिहिली नाही. पातेलंही नाही देणार, असं ठरवलं होतं. संध्याकाळी शेजारची नेहा आली. गेल्या वर्षी लग्न होऊन आली, बँकेत आहे. मराठी सगळी समजते, बोलताना गाडी हिंदीवर जाते. "काकू, आप नहीं आ रहीं? काहून?" सांगितलं. ती लाल झाली. "ये तो सरासर गलत है. मी नेते तुम्हाला. देखते हैं कौन रोकता है."

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

मग तिला ओट्यापाशी उभं करून थोडं करून दाखवलं. आधी खरबूज आणि संत्र्याच्या सोललेल्या फोडी. कैरी अगदी बारीक, तोंडात शोधावी लागेल इतकीच. टरबूज सगळ्यात शेवटी, नाही तर सगळं पाणी पाणी. लिंबाचा रस, आल्याचा रस, चमचाभर मध, भाजलेल्या जिऱ्याची पूड वेगळं कालवून गार ठेवायचं. वाढायच्या वेळी ते ओतायचं, काळं मीठ, मग पुदिना आणि सब्जाची कोवळी पानं. सुरी लावायची नाही. तिनं सुरी उचललीच होती. हातावर चापटी मारली.

२४ एप्रिल, गुरुवार
फळं आणली. ठेलेवाला म्हणे, "दीदी, नर्मदा की रेत का खरबूज है, सूँघ के देखिए." सहा हुंगली, चार घेतली, बाकी दुसरीकडून. उन्हानं डोकं तापलं, पण ते आधीच तापलेलं होतं. मनात भाषण तयार केलंय. कोणी काही बोललं की सगळ्यांसमोर म्हणून टाकणार.

२५ एप्रिल, शुक्रवार, दुपार
फळं चिरून बर्फावर. कुंड्यांतली पानं धुऊन ओल्या फडक्यात. साडी जांभळी, काठाची. मुद्दाम.

शुक्रवार, घरी आल्यावर
चारची गाडी परत पाठवली. नेहाच्या स्कूटीवर पातेलं मधे धरून हॉलवर पोचलो. प्र.ताई दारातच. मला बघून चेहरा पडला, पण म्हणाल्या, "आलीस? बरं झालं. ये, मागे स्वयंपाकघरात गार आहे." भाषण घशातच. पातेलं घेऊन मागे गेले. मीठ, रस, पानं. वाट्या भरल्या. दोघी-तिघी आत येऊन खाऊन गेल्या, "सुनंदाताई, काय सुंदर गं." बाहेर सगळ्या बसलेल्या, मी ओट्यापाशी उभी.

मग नेहा आत आली. हातात करंडा. "काकू, इधर देखो ना." कुंकवाचं बोट माझ्या कपाळाकडे.

आणि मी मागे सरले.

कोणी अडवलं नव्हतं. विचारही केला नाही, पाय आपोआप मागे गेला. पाठ ओट्याला लागली. नेहाचं बोट तसंच हवेत. दारात प्र.ताई होत्या, त्यांनी पाहिलं. सुटल्यासारखा चेहरा झाला त्यांचा, आणि तोच मला

२६ एप्रिल, शनिवार
काल वाक्य पुरं झालं नाही, राहू दे. आठवडाभर प्र.ताईंच्या नावानं खडे फोडले. एकेक वाक्य त्यांना ऐकवायला जमवलं. तिथे त्यांना काही करावंच लागलं नाही, त्यांचं काम मीच केलं. राग त्यांच्यावर अजून आहे, कमी झालेला नाही. पण आता दुसरा वाटेकरी आलाय.

सगळ्या वाट्या संपल्या म्हणे. मी चाखलंही नाही.

२८ एप्रिल, सोमवार
नेहा येऊन गेली. बुधवारी अक्षय्य तृतीया, चैत्राचं ह.कुं. तोवरच. तिच्या घरी पहिलंच, आठ-दहा जणी. "प्रभा आंटी को भी बुलाया है." मला बोलावलंय, पातेल्याशिवाय. "इस बार मी करते सॅलड, तुम्ही फक्त बसायचं." मग जिन्यात थांबून म्हणाली, "पर काकू, आधी सांगा. लावू की नको? जो आप बोलोगे वही."

प्र.ताईंनी हे कधी विचारलं नाही म्हणून आठवडाभर जळत होते. हिनं विचारलं.

म्हटलं, उद्या सांगते. ती उतरून गेली. मी दार लावून आरशासमोर किती वेळ उभी होते.