खळ्यातला मंगेश

१२ एप्रिल
वालावलात पोचलो. गाव नवा, घर नवं, आणि आतला माणूसपण नवाच. गेल्या दसऱ्याआधी डॉक्टरांनी माझ्या पोटाची पिशवी कापून केळ्याएवढी ठेवली. त्याआधी मी सावंतवाडीत एवढा जाडा होतो की रिकामा रिक्षावालापण मला बघून भाडं आहे सांगायचा. आता निम्मा उरलोय. डाएटच्या मॅडमनी सांगितलंय, रोज काय खाल्लं, कसं वाटलं ते लिहायचं. मॅडम, दहावीला मराठीत काठावर पास झालोय, चुकांसकट वाचा.

घर हरिश्चंद्रमामाचं. मामा ठाण्याला असतो. घर झकास, लाद्या बसवलेल्या, पुढे मोठं खळं म्हणजे अंगण, मागे आंबा-काजू. इथे आम्ही दोघंच, मी आणि आये. आये म्हणजे माझी आई. सावंतवाडीत जो तो येऊन तिला विचारायचा, पोरग्याक काय झाला गो, किती सुकलो. ती कंटाळली, म्हणून इकडे आलो.

शेजारच्या शेवंतीकाकीने मला आधी एकदा लग्नात बघितलेलं. आज ती मला बघून आयेला विचारते, मंगेश येवक नाय? मी मध्येच सांगितलं, मंगेश टेम्पोतून येताहा, गाडीच्या दारातून मावाक नाय. काकी खरंच रस्त्यापर्यंत जाऊन टेम्पो बघून आली. मी पोट धरून हसलो. आये हसली नाही.

१४ एप्रिल
खाल्लं: वाटीभर पेज, अर्धं अंडं.
आयेने केलेलं: वडे, कोंबडीची सागुती, सोलकढी, वर शिरवळ्या. मी म्हटलं, हे कोणासाठी? ती म्हणाली, सवय मोडत नाही. मी दोन घास घेतले आणि पोट गच्च झालं. ती डाव हातात धरून उभीच राहिली.

मॅडम, तुम्ही विचारलेलं एवढा जाडा कसा झालास. तेव्हा मी वडापाववाल्यावर बिल फाडलं. खरं सांगतो. बाबा गेले तेव्हा मी दुसरीत होतो. आये दिवसभर रडायची, फक्त मी जेवताना थांबायची. मग मी जेवायचो. एवढंच.

१७ एप्रिल
थंडी वाजते. बाहेर माणसं घामाने भिजतायत आणि मी भर दुपारी खळ्यात कानटोपी घालून बसलोय. काकीने विचारलं, काय रे, काश्मीराक चललंस? मी म्हटलं, नाय, काश्मीरच माझ्या पोटात इला.

डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, होतं असं. अंगावरची चरबी म्हणजे रजई होती, ती गेली. खाणं कमी, म्हणून आतली भट्टीपण मंद. रक्त तपासून घे, मोजे घाल, गरम पी. काही महिन्यांत बरं वाटेल. बरं तर बरं.

रात्री आयेने गोधडी घातली तेव्हा तिचा हात लागला. तिने झटकन काढून घेतला. मग परत ठेवला, पण परत ठेवायला वेळ लागला.

२० एप्रिल
आज मजा आली. माकडं आंब्यावर येतात म्हणून बुजगावणं केलं. कापड माझंच. आयेने माझे जुने कपडे सगळे घड्या घालून आणलेत, का ते देव जाणे. त्या शर्टात आमची अख्खी वाडी मावेल. आत भाताचं गवत भरलं, डोक्याला मडकं, त्यावर माझी जुनी टोपी. खळ्यात प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं. काय सांगू मॅडम, हुबेहूब मी. पोटावर हात ठेवून बसायचो तसाच.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. आमच्यात देवाला गाऱ्हाणं घालतात. गावाचा मानकरी, गावकार, देवाकडे मागतो आणि भोवतीचे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी गावकाराचा आवाज काढून सुरू केलं:

"बा देवा म्हाराजा, ह्यो माझो जुनो देह आज तुझ्या पदरात घालतंय. हेका उपाशी ठेवू नको."

आणि आयेला हसू फुटलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. पदर तोंडाला लावून म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मग मी कसला थांबतो. "हेका थंडी-वारो लागू देव नको."

"व्हय म्हाराजा."

"हेका माझ्या आयेच्या नजरेसमोरसून हलवू नको."

"व्हय म्हाराजा," आये म्हणाली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

काकी कुंपणापाशी उभी होती. ती हसली नाही. म्हणाली, असली मस्करी करू नये. नुसतं बडबडलं तर वाऱ्यावर जातं, पण कोणी मनापासून व्हय म्हटलं की ते लागू होतं. मी म्हटलं, काकी, गवत आसा ता.

२३ एप्रिल
खाल्लं: पेज, ताक.
बुजगावणं एका बाजूला कललेलं. सरळ करायला काखेत हात घातले तर गरम. उन्हात तापलं असणार. हात काढावेसे वाटेनात. तसाच जरा वेळ उभा राहिलो, शेकोटीपाशी बसतात तसा.

आये आता उरलेलं जेवण पानात वाढून त्याच्यापुढे ठेवते. कावळे खातील म्हणते. पान एकदम साफ होतं. आज मी पडवीतून बघत बसलो. कावळा एकपण आला नाही. मी आत पाणी प्यायला गेलो, येईपर्यंत पान साफ.

२६ एप्रिल
काकी रस्त्याने जाताना म्हणाली, काय मंगेश, बरो मां? मी हात वर केला. ती माझ्याकडे बघतच नव्हती. खुर्चीकडे बघत होती. मग स्वतःच चपापली, देवाचं नाव घेतलं आणि भरभर चालायला लागली. मी मागून हाक मारून चिडवणार होतो, पण दात वाजत होते.

आये आज शेगडीशी गाणं गुणगुणत होती. बऱ्याच वर्षांनी.

२९ एप्रिल
तिने त्याला पडवीत आणलं. म्हणाली, बाहेर वारं असतं. मी म्हटलं, गवताला वारं लागून काय होणार? तिने त्याची टोपी कानावर ओढली. एवढं ओझं तिने एकटीने आणलं कसं, विचारलं तर म्हणाली, हाताला धरलं आणि आणलं.

शर्ट पोटावर ताणलाय. मी गवत भरलं तेव्हा सैल होता.

१ मे
दोन गोधड्या, मोजे, गरम पाण्याची पिशवी. काही उपयोग नाही. नखं निळी. डॉक्टरांना फोन लावला, बोलताना जीभ वळेना, म्हणून फोन आयेकडे दिला. मला वाटलं सांगेल, घेऊन येते. ती म्हणाली, मंगेश बरा आहे डॉक्टर. आता चांगला जेवतो. अंगपण धरलंय.

आणि फोन ठेवला. तिने थाप मारली नव्हती. मॅडम, मी लहानपणापासून थापा मारतो, मला थाप ओळखता येते. तिला खरंच तसं वाटत होतं.

३ मे
एक शेवटची मस्करी करायची ठरवली. आये विहिरीवर गेली की त्याला खुर्चीतून ढकलून तिथे मी बसणार. जुना शर्ट, टोपी, हात पोटावर. ती आली की भॉक करायचं. घाबरेल, दोन शिव्या घालेल, मग हसेल आणि सगळं पहिल्यासारखं होईल.

तो ढकलता येईना. मी दोन्ही पाय लावले. शेवटी खुर्चीच कलंडली आणि तो भिंतीला टेकून बसला. पडला नाही मॅडम. बसला. माझा दुसरा जुना शर्ट पेटीतून काढून घातला, खुर्ची सरळ करून बसलो.

आये आली. थेट माझ्याकडे आली. चेहऱ्यावर एवढी माया, एवढी — मी भॉक करायचं विसरलो. तिने माझ्या गालाला हात लावला.

आणि हात मागे घेतला.

"ह्यो माझो न्हय," ती म्हणाली. "ह्यो थंड आसा."

मी ओरडलो, आये, मी मंग्या. तिने बघितलं माझ्याकडे. ओळखलं. रडली, माफीपण मागितली, जवळ घेतलं. पण जवळ घेताना ती कुडकुडत होती. माझ्यामुळे.

५ मे
काकीकडे गेलो. ती म्हणाली, घातलेलं गाऱ्हाणं उलटं घालायचं. पण व्हय तिनेच म्हणायला हवं, जिने आधी म्हटलं होतं.

संध्याकाळी पडवीत उभा राहिलो. या वेळी गावकाराचा आवाज नाही काढला. माझाच आवाज, जेवढा उरलाय तेवढा. म्हटलं, देवा, मस्करी केली, चुकलो. ह्याला दिलेली ऊब मला परत दे. ह्याचं गवत होऊ दे.

आये त्याच्या शर्टाची कॉलर सरळ करत राहिली.

परत म्हटलं. आये, व्हय म्हण.

ती त्याच्यापुढचं पान बघत होती. नुसती साफ पत्रावळ.

"तो जेवता रे, मंग्या."

मी म्हटलं, मी पण जेवेन. आणि बसलो. तिने वाढलं. मी खाल्लं, भात, आमटी, परत भात, पोटात सुरी फिरली तरी खाल्लं. मग सगळं खळ्यात ओकलो. ती पाठीवरून हात फिरवत होती. फिरवता फिरवता हात थांबला. गारठा सोसेना तिला. मला कळलं. मी तिला सांगितलं, जा, हात शेक.

ती शेकायला त्याच्याकडे गेली.

७ मे
काहीच खाल्लं नाही.
गुरुदास रिक्षावाल्याला बोलावलं, कुडाळला डॉक्टरकडे जातो म्हणून. आला. आयेशी बोलला. पडवीत बघून म्हणाला, मंगेश बरो दिसता, कित्याक डॉक्टर? मी त्याच्या समोर उभा. त्याने शर्टाची वरची गुंडी लावून घेतली, खंयसून वारो येता म्हणाला — गेला.

८ मे
आयेने आज मला एकदाच हाक मारली. नाव आठवायला थांबावं लागलं तिला. मंगेश म्हणता येईना, तो पलीकडे बसलेला. रे, म्हणाली. नुसतं रे.
रागवू कसा. ती जाडी झालीय थोडी. केस विंचरलेत. बाबा जायच्या आधी होती तशी —

९ मे
मडकं नाहीये आता. टोपीखाली मी बघत नाही.

पेन धरवत नाही. चिडवायला काही सुचत नाही, हे सगळ्यात वाईट.

१० मे
दुपार. बाहेर ऊन, लाद्या तापल्यात, मला पायाखाली बर्फ.

त्याच्याजवळ जाऊन बसलोय. भांडायला नाही. फक्त ऊब — त्याने सरकून जागा दिली. माझ्याच घामाचा वास, जुन्या पावडरचा. दंडाला टेकलो. मॅडम, मी एवढा मऊ होतो, मला कधी कोणी सांगितलंच नाही. सगळे हसायचे. मीपण हसायचो, त्यांच्या आधी, म्हणजे त्यांचं हसू लागणार नाही.

उगाच कापून घेतलं असं नाही. मेलो असतो. तरी — त्याला विचारलं, तुला एकटं वाटलं का रे, मी सोडून गेलो तेव्हा. त्याने हात माझ्या पाठीवरून —

बोटांत जरा जीव आला. लिहिता येतंय.

आत आये वाढतेय. एकच पान मांडल्याचा आवाज. नाही, दुसरं पण — नाही. एकच. मी ओरडून सांगतो, आये, मी चमचाभरच खाईन, पण माझं पान मांड. फक्त मांड. आवाज फुटत नाही —

ती हाक मारते. पूर्ण नावाने, लहानपणी मारायची तशी, लांब. मंगेऽऽऽश, जेवक ये रे.

उठायला गेलो, पाठीवरचा त्याचा हात सुटेना. तोंड उघडलं. पण माझ्याआधी, माझ्या कानाजवळ, माझ्याच जाड जुन्या आवाजात, येतंय गो आये —

आणि ती आतून हसली, इतकी खूश, की मी हात सोडवायचं थांब