आई-वडील किंवा सासू-सासरे

१४ मार्च २०२२, सोमवार

मेल आला. पाच परिच्छेद ‘आपल्या कुटुंबाचं हित’ आणि सहाव्यात खरं काय ते. एक एप्रिलपासून आई-वडिलांच्या विम्याचा हप्ता कंपनी भरणार नाही. हवा असेल तर पगारातून कापणार – दोघांचे वर्षाला अठ्ठावन्न हजार चारशे. वर प्रत्येक क्लेमला वीस टक्के आपल्या खिशातून. करोनात क्लेम फार झाले, म्हणून विमा महागला म्हणे. म्हणजे लोक आजारी पडले ही लोकांचीच चूक.

पंचवीस तारखेपर्यंत पोर्टलवर नावं भरायची. नियम जुनाच. आई-वडील किंवा सासू-सासरे. एकच जोडी.

नऊ वर्षं तिथे माझे सासरे आण्णा आणि सासूबाई आहेत. लग्न झालं त्याच महिन्यात योगेशने माझ्या लॅपटॉपवर बसून नावं भरली. मला विचारलं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते खटकलंही नाही. त्याच्या कारखान्यात आई-वडिलांना विमा नाही, माझ्या कंपनीत आहे. मग सुनेच्या कंपनीतून सासू-सासरे, यात विचारायचं काय? माझ्या सगळ्या मैत्रिणींनी हेच केलं होतं.

१५ मार्च

कंपनीच्या बसमध्ये लिहितेय. वाघोली ते हिंजवडी दोन तास. ऑफिस पुन्हा सुरू झाल्यापासून ही वही तेवढ्यासाठीच.

योगेशला मेल सांगितला. फोनवरून मान वर न करता म्हणाला, “भरून टाक ना मग.”

भरून टाक! रिक्षाचे सुटे द्यावेत तसं.

१७ मार्च

बार्शीहून उत्तरेश्वरचा फोन. माझा भाऊ कामाशिवाय फोन करत नाही, त्यामुळे नाव दिसताच मीटिंग सोडून बाहेर आले. आईला सोलापूरला दाखवून आणलं. हृदयाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल. सहा महिन्यांच्या वर थांबू नका, डॉक्टर म्हणाले. जिना चढताना दम लागतो हे ही बाई वर्षभर लपवत होती.

सगळं मिळून साडेचार-पाच लाख. सरकारी योजनेत बसत नाही, कारण रेशनकार्ड पांढरं. हार्डवेअरचं दुकान आहे ना त्याचं! कार्ड पांढरं आणि गल्ला करोनापासून कोरडा.

दुपारी एका एजंटला विचारलं. म्हणाला, “मॅडम, हा रिपोर्ट बघून पॉलिसी कोण देणार? दिलीच तर तीन वर्षं झडप सोडून बाकी सगळ्याला.” जुना आजार पहिल्या दिवसापासून धरते ती एकच पॉलिसी. आमच्या कंपनीची.

२१ मार्च

एचआरच्या सृष्टीला गाठलं. वडील नाहीत माझे. एकटी आई आणि सोबत सासरे, असं बसवता येईल का? “नाही मॅम, मिक्स नाही करता येत.” मध्येच नाव बदलता येईल का? “थेट पुढच्या मार्चला.” पोरगी चांगली आहे, ती तरी काय करणार. एकट्या आईचा हप्ता जवळजवळ निम्मा पडतो, हेही तिनेच सांगितलं. निघताना हळूच म्हणाली, “आणि मॅम, काहीच नाही भरलं ना, तर गेल्या वर्षीचीच नावं पुढे जातात. पगारातून आपोआप कट होतं.”

म्हणजे गप्प बसलं तरी माझी सही झालीच.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आजवर पैसे कंपनीचे होते, म्हणून बोलायला तोंड नव्हतं. आता हप्ता माझ्या पगारातून जाणार. मग नाव कुणाचं, हे मी ठरवणार.

२२ मार्च

बोलले. आवाज न चढवता. योगेश भांडला असता तर बरं झालं असतं, तो समजावतो.

“आण्णांची अँजिओप्लास्टी झालीय, पूर्णिमा. त्यांना दुसरी कुठली कंपनी दारात तरी उभं करेल का? तुझ्या विम्यातून नाव निघालं की ते उघड्यावर. तुझ्या आईला उत्तरेश्वर आहे.”

म्हटलं, आण्णांनाही पृथ्वीराजदादा आहेत. थोरले दीर. सात वर्षांपूर्वी घरची जमीन बिल्डरला दिली तेव्हा कागदपत्रं, पैसे सगळं त्यांनीच बघितलं. खराडीत दोन गाळे, दारात फॉर्च्युनर.

योगेशने फोन हातात घेतला. “त्यात तू पडू नकोस.”

पडत नाही. अँजिओप्लास्टीत मात्र पडले होते! दोन वर्षांपूर्वी, माझ्याच विम्याच्या कार्डावर. सहा दिवस काउंटरवर मी उभी. पृथ्वीराजदादा डिस्चार्जला आले, पेढे घेऊन. डायबिटीस असलेल्या माणसाला पेढे.

२३ मार्च

आण्णा जेवताना माझ्याकडे बघत नव्हते. भाकरी अर्धी ठेवून उठले. म्हणजे योगेशने त्यांना सांगितलं. म्हाताऱ्या माणसाला माझ्या तोंडाकडे बघत जगायला लावतेय, असं वाटून मलाच कानकोंडं झालं. वाईट नाहीत ते. मला नोकरी सोड म्हणणारे सगळे होते, एकटे आण्णा म्हणाले होते, “करू द्या की तिला.”

माझा राग नेमका कुणावर आहे तेच कळेनासं झालंय.

२४ मार्च

पोर्टलवर आईचं नाव टाकलं. मुक्ताई, वय सदुसष्ट, नातं – आई. नऊ वर्षांत त्या चौकटीत पहिल्यांदा. कितीतरी वेळ नुसती बघत बसले. सबमिटच्या आधी तिला फोन लावला. लावायला नको होता.

“माजं नाव घालू नगंस. लेकीच्या जिवावर दवाखाना केला म्हनून भावकीत उत्तरेश्वरला तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का? आन तुला तिथं नांदायचंय.”

म्हटलं, आई, झडप तुझी आहे, भावकीची नाही. तर म्हणते, “मला काय हुतंय? मजेत हाय मी.” एवढं बोलून धापा टाकत होती. मला ऐकू येत होतं.

२५ मार्च

काढलं आईचं नाव. जुनी जोडी तशीच ठेवून सबमिट केलं. संध्याकाळी पाच चाळीस.

योगेश हापूसचा बॉक्स घेऊन आला. मार्चमध्ये! “तुला आवडतात म्हणून.” मी एक फोडही खाल्ली नाही. त्याने खाल्ले, चवीने.

३० मार्च

उत्तरेश्वर दुकान विकायला काढतोय. गिऱ्हाईक पाडून मागतंय. “तू काळजी करू नको ताई, होईल.” मी त्याला काळजीशिवाय दुसरं काय दिलंय? माझ्या बांगड्या घे म्हटलं तर फोनच ठेवला. त्याच्या रागालाही मीच, योगेशच्या समजावण्यालाही मीच.

पगाराच्या चिठ्ठीत आत्तापासूनच नवी ओळ आलीय – ‘पालक विमा’. कुणाचे पालक, ते लिहिलेलं नाही.

७ एप्रिल

आण्णांचा मोतीबिंदू. रजा टाकून गेले, कार्ड पर्समध्ये. काउंटरवर कार्ड काढते तोवर पृथ्वीराजदादांनी दुसरंच पुढे केलं. मी बघत राहिले तशा सासूबाई शेजारच्या खुर्चीवरून म्हणाल्या, अगदी मायेने –

“ऱ्हाऊ दे तुजं. तुज्यात आता वीस टक्के भरावं लागत्यात म्हनं. पिरथ्यानं काढलाय की आमचा दोघांचा येगळा इमा, जमीन दिली तवापसनं. कदी लागलाच न्हाय, तुजा व्हता ना! लई बोनस साठलाय म्हनत व्हता. आसं काय बघतीस? तुला ठावं न्हाय व्हय? दर साली हप्ता भरायला योगेशच तर जातो.”