तीन नंबरचं दार

६ जानेवारी २००४, मंगळवार

बाबाराव आला! टेम्पोतून. आधी त्याची बॅटरीची गाडी उतरवली, मग काठी, मग तो. जावयानं सिंगापूरहून आणलेली गाडी — लाल, खुर्चीसारखी, पुढे हँडल. हॉर्नसुद्धा आहे! सेलूच्या शाळेत आम्ही एका बाकावर. तो पाटबंधारे खात्यात इंजिनीअर झाला, मी जामच्या फाट्यावर चहाची टपरी टाकली. टपरीचं बारा खोल्यांचं लॉज झालं. त्याचे गुडघे गेले.

तळमजल्यावरची तीन नंबर दिली. गाडी दाराला धडकली, मागे आली, पुन्हा धडकली.

"परभाकर, हे दार होय का धरणाचं गेट?"

सागवान आहे म्हटलं, बल्लारशाहून आणलेलं! वर क्लोजर बसवलेला, दार आपोआप लागतं. एकदा लागलं की हायवेचा एक ट्रक आत ऐकू येत नाही.

"ट्रक कायचा, माणूसही आत येत नाई!"

७ जानेवारी

खरी भानगड त्याच्या पोरीनं, दीपमालानं, फोनवर सांगितली. बाबांना सेलूच्या घरी एकटं ठेवणार नाही, नागपूरला नेणार — फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. बाबाराव सेलू सोडायला तयार नाही. शेवटी तोड निघाली. सेलूत शेजारीपाजारी धावून येतात, तिथे काही कळत नाही. म्हणून पाच दिवस बाहेर, एकट्यानं. रविवारी ती येऊन बघणार. खोलीतून आपला आपण बाहेर आला तर सेलू. नाही तर नागपूर.

"काका, तुम्ही दार धरायचं नाही बरं का!"

छे छे, म्हटलं. मोबाईल कानाशी होता, आणि पाठ तीन नंबरच्या उघड्या दाराला टेकवलेली.

८ जानेवारी

आत जाणं जमलं त्याला. गाडीनंच रेटतो. दाराची पॉलिश गेली.

बाहेर येणं अवघड. दार आत ओढावं लागतं. ओढलं की गाडी मध्ये येते. गाडी मागे घ्यावी तर हात सुटतो, आणि क्लोजर आपलं काम करतो — धप्प! माझ्या बारा दारांचे बारा आवाज मी काउंटरवर बसून ओळखतो. आज तीन नंबरचं नुसतं धप्प एकोणीस वेळा ऐकलं. विसाव्यांदा धप्पच्या मागून शिवीही आली.

दुपारी रुख्मिणी तक्रार घेऊन. झाडणं-पुसणं तिच्याकडे. "मालक, ते साहेब फरशीवर खडूनं रेघा मारून राह्यले. पुसल्या तर मलेच रागावते!"

जाऊन पाहिलं. चाक कुठे थांबवायचं, काठी कुठे टेकवायची — सगळं मोजून, आकडे टाकून. रिटायर झाला पण सर्व्हे सुटला नाही!

"काऊन रे, माह्या खोलीतून कालवा काढतो का?"

"तू जाय. पाटबंधाऱ्याच्या कामात चहावाल्यानं बोलू नाई."

९ जानेवारी

जेवताना त्याचा तळहात दिसला. काठीनं सोलून निघालाय. भाजीचं तिखट लागलं तसा हात झटकला, आणि म्हणाला, मीठ कमी आहे.

मग — "तिसऱ्या मजल्यावरून काय दिसते रे? दुसऱ्याची गच्ची."

ठरवलं. तानबा सुताराच्या घरी निरोप ठेवला: उद्या दुपारी बाबाराव जेवायला बसला की तीन नंबरचा क्लोजर ढिला कर अन् निघून जा. कोणाला कळता कामा नये. मी हिंगणघाटला जाऊन बसतो. इथे राहिलो तर बाबाराव माझं तोंड पाहूनच ओळखेल.

१० जानेवारी

संध्याकाळी परत आलो. काम झालंच असेल. मुद्दाम विचारलं नाही.

११ जानेवारी, रविवार

दीपमाला आली. "जयभीम काका. दार धरलं नाही ना?" नाही म्हटलं. खोटं थोडंच होतं! कालपासून त्यानं धरूच दिलं नाही.

दोघं व्हरांड्यात उभे राहिलो. आत काठीची मूठ कडीत अडकल्याचा आवाज. गाडी मागे सरकली. दार उघडत आलं. मग तीच काठी दाराखाली पाचरीसारखी ठोकली, आणि लाल गाडी हॉर्न वाजवत बाहेर! काठीला सुतळी बांधून ठेवली होती. बाहेर आल्यावर तिला एक हिसका. काठी हातात आली, मागे दार — धप्प.

तोच जुना आवाज! काय हात आहे तानबाचा! क्लोजर ढिला केला, आवाजात मात्र तसूभर फरक नाही.

दीपमाला रडली, हसली. "राहा बाबा सेलूला."

बाबाराव माझ्याकडे वळला. "काय म्हणते तुह्यं सागवान?"

त्याची पाठ थोपटली. बिचाऱ्याला काय माहीत! मग मनातल्या मनात माझीही थोपटली.

१३ जानेवारी

तानबा आला, हात जोडून. "मालक, लेकीकडं गेलतो, गिरड गावाले. तुमचा निरोप आजच भेटला. कोणतं दार ढिलं करायचं होतं?"

तीन नंबरमध्ये जाऊन बसलो. रुख्मिणीनं फरशी पुसली आहे. पलंगाखाली एक रेघ राहिली. रविवारी कान खरं सांगत होते — मीच ऐकलं नाही.

तानबाला म्हटलं, अकरा दारं ढिली कर. तीन नंबरला हात लावायचा नाही.