न आलेल्याचा तुकडा

ती. आईस, इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे. फ्रेंचचा वर्गही बरा चाललाय. मुलं निम्मीच राहिलीत, त्यामुळे घसा बसत नाही.

आज त्यांना फ्रेंच लोकांचा राजांचा सण शिकवला. केकमध्ये एक दाणा लपवतात, ज्याला मिळेल तो राजा. सगळ्यांत लहान पोर टेबलाखाली बसून कुठला तुकडा कोणाचा ते सांगतं. एक तुकडा न आलेल्या माणसासाठी ठेवायचा, असा रिवाज आहे.

दाणा कोणालाच मिळाला नाही. पोरं रडकुंडीला आली. "बाई, तुम्ही घालायलाच विसरलात," म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

कागदी मुकुट आणि तो ठेवलेला तुकडा घेऊन खोलीवर आले. पहिल्याच घासाला दाणा दाताखाली आला. राणी झाले बघ तुझी पोर, प्रजा तेवढी नाही.

तुझे गुडघे कसे आहेत? दादा म्हणाला, बाबांना हल्ली काही आठवत नाही, तरी जेवताना माझं पान वाढायला लावतात आणि तू चिडतेस.

चिडू नकोस, आई. वाढत जा.

तुझी,
धाकटी