म्हादूची बारी

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

उंबरमाळ, ता. वेल्हे
दि. १२ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सोनबाचा सा. न. वि. वि.

तुझं दिवाळीचं पत्र मिळालं आणि चकल्याही मिळाल्या. टेम्पोत त्यांचा भुगा झाला होता, पण भुग्यालाही चव तीच असते. मोबाईल घे म्हणून तू परत लिहिलंस. वर रेंज नाही, आणि कानाला मशीन लावूनही तुला फोनवरचं ऐकू येत नाही, तेव्हा आपलं हे पत्रांचंच बरं. हनुमंत दूध न्यायला पायथ्याला येतो, तोच पत्र मार्गासनीच्या पेटीत टाकतो. मागच्या वेळेसारख्या लाल पेनने चुका काढून पत्र परत पाठवू नकोस.

वाडीत आता धूर निघतो तो दोनच घरांतून, माझ्या आणि ओढ्यापलीकडच्या म्हादूच्या. दिवाळीला आणखी चार घरं उघडली होती, ती भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी कुलपं लावून गेली. कमळा गेल्यापासून माझ्या घरात एकटा मी, तिकडे म्हादू आणि बाळाबाई वहिनी. एवढीच काय ती वस्ती.

गोठाणाची रीत तू विसरली नसशील. अकरा घरांची गुरं सकाळी गोठाणावर जमायची आणि ज्याच्या दाराला आदल्या संध्याकाळी काठी टेकवलेली असेल, त्याची त्या दिवशी बारी. त्याने सगळ्यांची गुरं माळावर न्यायची. पाच जनावरांमागे एक दिवस. अजून तसंच चालतं, फक्त काठी आता दोन दारांत फिरते. एक दिवस म्हादू, एक दिवस मी. मोकळ्या दिवशी मी नाचणी झोडतो, दळण आणतो, लाकूडफाटा बघतो. रोजच गुरांमागे जावं लागलं तर यातलं काही होणार नाही, आणि मग गुरं विकून खाली उतरावं लागेल. त्याचंही तेच. म्हणजे आम्ही दोघं एकमेकांच्या जिवावर इथे राहतो आहोत, आणि बोलत मात्र नाही.

कारण तुला ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी त्याने पाचाची दहा जनावरं केली आणि बारी एकाच दिवसाची ठेवली. तेव्हा मी देवळात चारचौघांत म्हणालो की माळ सगळ्यांचा आणि पोट एकट्याचं, असं चालायचं नाही. त्याने महिन्याभरात पाच जनावरं विकली आणि तेव्हापासून माझ्याशी तोंड उघडलं नाही. पण काठी कधी चुकवली नाही. एकाआड एक संध्याकाळी माझ्या दाराला काठी टेकल्याचा आवाज येतो. बाहेर येईपर्यंत तो ओढ्यात उतरलेला असतो. मला तेवढंही पुरत होतं.

आता नवं ऐक. गेले सहा दिवस मी संध्याकाळी त्याच्या दाराला काठी लावतो आणि सकाळी उठून बघावं तर ती माझ्याच दारात. त्याची गुरं तेवढी वेळेवर गोठाणावर येतात, तो कुठे दिसत नाही. मला टाळतोय. काठीला मध्ये लुगड्याची चिंधी गुंडाळली आहे, चीर गेली असेल. काठी सांधायला त्याला वेळ आहे, गुरं राखायला नाही. सहा दिवस रोज मीच जातोय आणि नाचणी खळ्यावर तशीच पडली आहे. तू हेडबाई होतीस, तूच सांग काय करावं.

कळावे. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा
सोनबा

॥ श्री ॥

भोर
दि. १८ नोव्हेंबर २०२४

चि. सोनबास,
अ. उ. आ.

पत्र वाचलं. चुका अकरा आहेत, पण या खेपेला पेन उघडलेलं नाही.

तुझं वाचताना मला आमचा जिनाच आठवला. इमारतीत आठ बिऱ्हाडं. जिन्यातला दिवा दोन महिने गेलेला होता. सगळे भिंत चाचपत चढायचे, पण वीस पायऱ्या उतरून बल्ब कुणी आणेना. शेवटी मी या वयात स्टुलावर चढून तो लावला. खालचे गृहस्थ दार उघडून बघत होते. म्हणाले, बरं झालं, ताई आहेत म्हणून. पाण्याची टाकी धुवायची ठरली तेव्हा आठांपैकी मी आणि एक नवी सून, दोघीच आलो. पाणी मात्र आठही घरांत येतं. जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, आणि जे कुणाचंच नाही ते सुलक्षणाबाईंचं, असा इथला कायदा आहे.

तेव्हा माझं ऐक आणि या वेळी भिडेला पडू नकोस. मऊ लागलं की लोक कोपराने खणतात. वर्ग झाडायची पाळी एका मुलाने चुकवली आणि बाई गप्प राहिल्या, तर आठवड्यात अख्खा वर्ग चुकवतो, हे मी छत्तीस वर्षं बघितलं आहे. म्हादूची गुरं गोठाणावर तशीच राहू देत. तू तुझी तेवढी घेऊन जा. दोन दिवस हंबरणं ऐकलं की येईल मुकाट्याने काठी घ्यायला.

आणि नाहीच जमलं तर इकडे ये. इंद्रजितची खोली रिकामी आहे. तो बंगळूरहून वर्षातून एकदा येतो, तोही दोन दिवस. संध्याकाळी मी टीव्हीची नुसती चित्रं बघत बसते. परवा दिवसभरात मी एकदाही तोंड उघडलं नव्हतं, हे माझ्या झोपताना लक्षात आलं.

अंगात स्वेटर घालत जा. आशीर्वाद आहेतच, पत्राला उशीर करू नकोस.

तुझी
ताई

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

उंबरमाळ
दि. ३० नोव्हेंबर २०२४

ती. ताईस,
सोनबाचा सा. न. वि. वि.

हे पत्र मी तीन वेळा लिहायला घेतलं. आता जे घडलं ते सरळ लिहितो.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी माझी गुरं वेगळी काढली आणि माळाला लागलो. म्हादूची पाच मागे यायला लागली. त्यांना काय ठाऊक? जन्मापासून ती एकत्रच चरलेली. मी हाकललं तर लांब उभी राहिली आणि पुन्हा मागे आली. मग मी दगड उचलले. त्याची बांडी गाय आहे, तिचं वासरूपण मीच राखलेलं, तिच्या पुठ्ठ्यावर दगड बसला. ती पळाली नाही, नुसती बघत राहिली. मी वळून चालायला लागलो. दोन दिवस ती पाच जणं गोठाणावर हंबरत होती.

तिसऱ्या दिवशी बाळाबाई वहिनी गुरं घेऊन उतारावर दिसल्या. त्यांचे गुडघे धड नाहीत, बसत-उठत चढत होत्या. मी खडकाआड झालो. मनात आलं, बघा, बायकोला पाठवतो पण स्वतः येत नाही. मला बरं वाटलं, ताई. खोटं कशाला लिहू.

त्याच संध्याकाळी दूध द्यायला खाली गेलो तर हनुमंतला किकवीहून म्हादूच्या कुमारचा फोन आला होता. म्हणाला की म्हादू पंधरा दिवस काविळीने अंथरुणाला आहे, झाडपाल्याने उतार पडेना म्हणून उद्या कुमार जीप घेऊन येतोय. मी तसाच वर आलो आणि चार वर्षांत पहिल्यांदा, काठी टेकवून न वळता, त्याच्या उंबऱ्यात उभा राहिलो. आत जायला पाय उचलेना. वहिनीच बाहेर आल्या. रागावल्या नाहीत. एवढंच विचारलं की भावजी, डहाळा दिसला न्हाई का.

घरात आजारपण किंवा सुतक असलं की काठीला उंबराचा डहाळा बांधून ती परत ठेवायची. पुढच्या घराने न विचारता बारी करायची. ही रीत मला माहीत नव्हती असं नाही, पण किती वर्षांत तसं कुणी केलं नव्हतं. वहिनी रोज पहाटे लुगड्याच्या चिंधीने डहाळा बांधून काठी माझ्या दारात ठेवत होत्या. माझ्या दारात शेळी बांधलेली असते. मी उठेपर्यंत पानंच काय, काडीसुद्धा उरत नव्हती. उरायची ती नुसती चिंधी.

मी काही न बोलता रोज गुरं नेत होतो, तेव्हा वहिनींना वाटलं की मला कळलं. त्यांनी म्हादूला सांगितलं की सोनबांनी मनातलं काढून टाकलं बघा, रोज आपली गुरं नेतायत. तो भिंतीकडे तोंड करून रडला म्हणे. त्यानंतर दगडांचा दिवस आला. वहिनींनी त्याला त्यातलं काही सांगितलं नाही, पण गोठाणावरचं हंबरणं पडल्या पडल्या त्याच्या कानावर येतच होतं.

सकाळी त्याला झोळीत घालून खाली नेलं. कुमारने दोन माणसं आणली होती, चौथा मी. मागचा खांदा माझ्याकडे होता. उतरायला दीड तास लागला आणि सबंध वाट त्याचा पिवळा हात माझ्यासमोर लोंबत होता. काय बोलायचं ते मी रात्रभर ठरवलं होतं. तोंडाशी आलेलं तोंडातच राहिलं. जीप गेली.

कुमार म्हणाला, आता आई-बाबांना वर पाठवणार नाही. चार दिवसांत चार जनावरं विकली. बांडी म्हातारी, तिला गिऱ्हाईक मिळेना, ती माझ्या दावणीला बांधून गेला. वाडीत आता मी एकटा आहे. संध्याकाळी दाराशी काठीचा आवाज येत नाही, हे ठाऊक असूनही मी त्या वेळेला हातातलं काम थांबवतो.

तुला दोष देत नाही. दगड माझ्या हातात होते.

माया असू दे.

सोनबा

॥ श्री ॥

भोर
दि. ६ डिसेंबर २०२४

चि. सोनबास,
अ. उ. आ.

तू दोष देत नाहीस, पण तो माझा आहे, आणि मला तो लिहूनच द्यायचा आहे. बल्ब न आणणाऱ्या सात बिऱ्हाडांचा राग मी एका आजारी माणसावर काढला. छत्तीस वर्षांत एखादा मुलगा झाडायला आला नाही, तर आधी मी विचारायची की तुला बरं नाही का रे. हे तुला लिहायचं मला सुचलं नाही.

आणि का सुचलं नाही, तेही सांगते. तिकडचं मोडलं तर तू इकडे येशील, असं माझ्या मनात कुठेतरी होतं. पत्र पेटीत टाकून आले त्या दिवशी मी इंद्रजितची खोली झाडली, गादीला ऊन दिलं. तू सिमेंटच्या घरात गुदमरशील हे मला कळत होतं, तरी. एकटं माणूस आपमतलबी होतं, सोनबा. मोठी बहीण म्हणून मला ते शोभलं नाही.

कापूरहोळपर्यंत एसटीने जाऊन, गाडी बदलून मी परवा किकवीला गेले होते. म्हादू दवाखान्यातून घरी आला आहे. डोळे अजून पिवळे आहेत, पण पेज पोटात ठरते. त्याने मला ओळखलं. तुझं नाव काढल्यावर काही बोलला नाही, पण उठूनही गेला नाही. बाळाबाई म्हणाली की कुमारच्या दारासमोरून हमरस्ता जातो, तरी हा दिवसभर परसात डोंगराकडे तोंड करून बसतो. नात वैष्णवी सहावीत आहे, ती पत्र वाचून दाखवेल. पत्ता मागे लिहिला आहे.

तू त्याला लिही. मी काय लिहायचं ते सांगणार नाही. मागचं सांगून झालं आहे तेवढं पुरे.

खोली झाडलेली आहे, पण ये म्हणत नाही. जीव लावून आहे.

तुझी
ताई

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

उंबरमाळ
दि. १७ डिसेंबर २०२४

म्हादूस,
सोनबाचा रामराम वि. वि.

हे पत्र वैष्णवी वाचंल. शाळेतल्या भाषेत लिहिलं तर तुला वाटंल ताईनं सांगून लिव्हून घेतलं, म्हणून म्या बोलतो तसंच लिहितो.

बांडी बरी हाय. पयले चार दिस दावं तोडून तुझ्या गोठ्याकडं पळायची. आता ऱ्हाती, पण दावणीला उलटी उभी ऱ्हाती, तोंड ओढ्याकडं. पुठ्ठ्यावरची सूज उतरली. हळद लावत व्हतो. जवळ गेलो की अजून अंग चोरती.

तुझी एक शेपटी गोठाणावर हाय, तवर तुझं घर बारीत हाय. रीत तीच. एकाआड एक दिस सांजचं म्या काठी तुझ्या दाराला लावतो. सकाळी म्याच जाऊन आणतो आन् तुझ्या वाटंची बारी करतो. हनुमंत म्हणला, सोनबा, डोकं फिरलं व्हय तुझं. फिरलं असंल. तुझ्या वाटंचे दिस म्या मोजत न्हाई. एकदा मोजायला गेलो, त्यातच हे समदं झालं.

तवा देवळात बोललो ते खरं व्हतं, पण चारचौघांत बोलायला नगं व्हतं. तुझ्या घरी येऊन बोललो असतो, तर तू शिव्या दिल्या असत्यास आन् मिटलं असतं. दगड मारले ते लई चुकलं. तू हितं पडून ऐकत व्हतास. झोळीच्या मागं दीड तास म्या हेच म्हणायचं म्हणून चाललो, न्हाई जमलं. माफ कर मला.

नाचणी अजून खळ्यावर हाय. रोज गुरांमागं जाऊन होळीपत्तोर रेटंन, म्होरं न्हाई जमायचं. कुमार तुला सोडायचा न्हाई, ते मला कळतंय. तू ये म्हणून लिहीत न्हाई. पर तू आता वर येणार न्हाईस, हे मला तुझ्याकडनं कळू दे. दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर म्या वाट बघायचा थांबायचो न्हाई.

वैनींला नमस्कार सांग. पोरीला आशीर्वाद.

पाकिटात टपालाचं एक कार्ड ठिवलंय. त्यावर माझा पत्ता लिव्हलाय. माझ्याशी बोलावंसं वाटत नसंल तर काय बी लिहू नगंस, वैष्णवीला ते तसंच पेटीत टाकाया सांग. कोरं आलं तरी म्या समजंन, तू हाईस.

तुझा
सोनबा