पलीकडच्या बाजारातला फोटो

नाही विचारलं मी तिला. झालं समाधान? विचारून काढला असता तर ती हसलीच नसती, पदर सावरून, हात मांडीवर ठेवून आधारकार्डावरच्या फोटोसारखी बसली असती, हे तुलाही माहीत आहे. ते तोंड फिरवून घेणं बंद कर आता, आई. नऊ वर्षं झाली तुला जाऊन, आणि मी बाजारात कॅमेरा डोळ्याला लावला की तू अजून माझ्या खांद्याशी येऊन उभी राहतेस आणि म्हणतेस, बाईला विचारलं का. शंभर माणसं कांदे निवडतायत, ओरडतायत, भांडतायत, त्यात मी कुणाकुणाला विचारू? बाजार असा हात वर करून परवानगी देत नाही. तो चालू असतो, आपण त्यात घुसायचं असतं. हे मी कॉलेजात शिकले नाही, तुझ्याकडूनच शिकले. तूही घुसलीच होतीस ना, कुणाला न विचारता.

मी आत्ता पुलाच्या अलीकडं आहे, आपल्या शिरूरच्या बाजूला, चहाच्या टपरीवर. गाडी स्टँडवर लावलीय, लॅपटॉप मांडीवर आहे, चहावाला दोनदा विचारून गेलाय की मॅडम अजून एक देऊ का. पूल ओलांडला की दौंड तालुका. आज तिथं राहू गावचा बाजार आहे. चार वाजून गेलेत आणि सहाच्या आत मला एक फोटो पुण्याला पाठवायचाय. किंवा पाठवायचा नाहीये. तेवढंच ठरवायचंय, आणि तेच दुपारपासून ठरत नाहीये.

नीट सांगते. मी एक पुस्तक करतेय. दोन वर्षं शिरूर-दौंडच्या आठवडे बाजारांत फिरून काढलेले फोटो आणि मध्ये मध्ये माझं लिखाण. आप्पांना वाटतं मी कुठल्यातरी वेबसाईटला नोकरी करते, ते असू दे. कवठे येमाईला बाजारात पावसाचा एकच थेंब पडला तसे चाळीस प्लास्टिकचे कागद एकदम फडफडले, तो फोटो आहे. भांडगावात हायवेच्या कडेला भेळवाला आणि कोयत्याला धार लावणारा एकाच छत्रीत बसलेत, तो आहे. तुला आवडले असते. आणि मागच्या आठवड्यात राहूला, डेअरीच्या भिंतीला टेकून, बरोबर तू बसायचीस त्या कोपऱ्यात, एक बाई लसूण घेऊन बसलेली दिसली.

तुझ्या जागेवर कुणी बसलंय म्हणूनच मी थांबले. पस्तिशीची असेल. समोरच्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं काहीतरी पाचकळ म्हटलं आणि ती मान मागं टाकून हसली. पदर खांद्यावर घसरला आणि गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र, ते निळ्या नाडीचं, ब्लाऊजमधून बाहेर येऊन लसणाच्या ढिगावर पडलं. मी बोट दाबलं. नुसतं दाबलं नाही, दाबून धरलं. तसं धरलं की माझा कॅमेरा एका दमात आठ फोटो काढतो. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

तिनं खाडकन् कार्ड आत घातलं. "ओ मॅडम, अजून भवानी झाली न्हाई माझी आन् तुम्ही फोटो काढताय व्हय? गिऱ्हाईक व्हा, न्हाईतर बाजूला व्हा."

मी म्हटलं, "ताई, फार छान आलाय."

"छानच नको मला. पुसा तो. माझ्याम्होरं पुसा."

मी तिच्या शेजारी पोत्यावर बसले, कॅमेरा तिच्यासमोर धरला, तिला तिचाच हसरा चेहरा दाखवला आणि कचरापेटीचं बटण दाबलं. फोटो गेला. तिनं माझ्याकडं बघून मान हलवली. आठातला एक गेला होता. सात मागं होते. तिला काय माहीत, आणि मी सांगितलं नाही. बाजारात फोटो काढणारे आम्ही सगळे हे करतो, आई. समोरच्याचं मन राखायचं आणि फोटोही राखायचा. आजवर मी ते कितीतरी वेळा केलंय, आणि दर वेळी घरी पोचेपर्यंत विसरूनही गेलेय.

मग मी तिची भवानी केली, पावशेर लसूण घेतला. तिनं पैसे कपाळाला लावले आणि वर मूठभर लसूण माझ्या पिशवीत टाकला. म्हणाली, "पुसलात म्हणून सांगते. घरी म्हाइतीच न्हाई मी हितं बसते ते. कंपनीत पॅकिंगला व्हते, सात म्हयनं झालं की ब्रेक दिला, म्हंजी घरी बसवलं. घरी सांगितलं आसतं तर सासू म्हणली आसती, बरं झालं, आता गोठा बघ. मग परत कवा बाहेर पडाया मिळालं आसतं? म्हणून सकाळी डबा घ्यायचा, कार्ड गळ्यात घालायचं आन् निघायचं. आज हा बाजार, उद्या दुसरा. म्हयन्याच्या म्हयन्याला पगार म्हणून देते सासूच्या हातात. कुणाला काय कळतंय."

"पण कुणी बघितलं तर?"

"आमच्याकडचं हिकडं चिटपाखरू येत न्हाई. दीर तेवढा सारखा मोबाईलात. त्याचंच भ्या." मग ती परत हसली. "कंपनीत सुपरवायझर डोक्यावर उभा ऱ्हायचा. हितं मीच सुपरवायझर."

काल रात्री मी ते सात फोटो उघडले. आज सकाळी त्यातला एक, छोटा करून, प्रकाशकाला पाठवला. का पाठवला ते विचारू नकोस. दहा मिनिटांत फोन. कव्हर मिळालं म्हणाला. सहापर्यंत मोठी फाईल दे, संध्याकाळीच कव्हर इन्स्टाला टाकू, फेसबुकला टाकू. मी चाचरत म्हटलं, चेहरा जरा झाकता येईल का, कार्ड तरी. तो म्हणाला, "ते कार्ड आणि ते हसणं, सगळं पुस्तक त्यात आहे. झाकायचंच असेल तर नुसत्या लसणाचा फोटो टाकू की." तो चुकीचं बोलत नाहीये, आई. त्याचाच मला राग आहे. दोन वर्षांत काढलेल्या हजारो फोटोंत हा एकच असा आहे की तो बघून माझंच मला वाटलं, हां, मला येतं हे.

आणि तू म्हणणार, पूस. तुला सोपं आहे. मी याआधी एकदा पुसलाय. तेव्हा तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस आणि थापतच राहिलीस.

मी चौदा वर्षांची आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागलीय आणि मी मामाकडं निघालेय, नदीपलीकडं. तू पाठीमागच्या खोलीत मला बोलावतेस आणि गव्हाच्या कोठीमागून एक पिशवी काढतेस. त्यात कॅमेरा, कुणाचा तरी जुना, सेलवर चालणारा, एका कोपऱ्याला टवका गेलेला. तू तो कुठून आणलास, कशाच्या पैशानं, मला सुचतही नाही विचारायला. तू म्हणतेस, "काढ कुणाचं काढायचं त्याचं. मला सोडून." मला वाटतं तू लाजतेस. मी म्हणते, असं कसं, पहिला तुझाच. तू माझं मनगट धरतेस, चांगलं दुखेपर्यंत. "मला सोडून म्हणलं ना."

आठ दिवसांनी मामा मला राहूच्या बाजारात घेऊन जातो. मी बैलांचे काढते, बांगडीवाल्याचे काढते, फरसाणच्या परातीचे काढते. डेअरीच्या बाजूला वळले तसा मामा म्हणतो, "तिकडं न्हाई काय बघण्यासारखं. चल, जिलबी खाऊ." मामाला माहीत होतं. तुझ्या सगळ्या माहेराला माहीत होतं. आपल्या घरी मात्र तू कंबर शेकायला दवाखान्यात जातेस असं सांगून निघायचीस, बाजाराच्या वारी कंबर बरोबर दुखायची, आणि आप्पा म्हणायचे, जा बाई, अंगावर काढू नको. परसातल्या कोंबड्यांची अंडी बिस्किटांच्या डब्यात भुसा घालून तू पुलापलीकडं न्यायचीस, कारण पुलाअलीकडच्या प्रत्येक बाजारात आपल्या भावकीतलं कुणी ना कुणी भेटणारच. आपल्या घरातली बाई पोतं टाकून बाजारात बसत नाही.

त्या सुट्टीवरून मी परत आले त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात सगळे जमलेत. आप्पा, काकी, मी. तू भाकरी थापतेस. मी कॅमेरा काकीच्या हातात देते, काकी आप्पांच्या, एकेक फोटोला हसणं चाललंय, बैलाच्या नाकाएवढं नाक कुणाचं यावर काकी आप्पांना चिडवते. मग आप्पा थांबतात. कॅमेरा डोळ्यांजवळ नेतात. "ही कोण?" काकी वाकून बघते आणि मागं सरकते. तू तव्यावरची भाकरी उलटतेस. तुझा हात थांबलेला मला आठवत नाही. आप्पा ओरडले नाहीत. ते इतकंच म्हणाले, "लोकांच्या तालुक्यात जाऊन बसलीस. किती जणांनी बघितलं आसंल." मग कॅमेरा माझ्यापुढं धरला. त्यांना बटणं कळत नव्हती. "पूस ते." मी तुझ्याकडं बघितलं. तू बघितलं नाहीस. मी अंगठ्यानं पुसला.

दुसऱ्या दिवशी कोंबड्या गेल्या. चार दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. पाचव्या दिवशी भांडी घासता घासता म्हणालीस, "सांगितलं व्हतं तुला. आन् काढायचाच व्हता, तर म्होरं येऊन विचारायचं तरी. मी न्हाई म्हणले आसते, मग तू गेली आसतीस." बस्स. कॅमेरा मात्र तू काढून घेतला नाहीस. सेल संपले आणि नवे आणायला कुणी पैसे देईना, तेव्हा तू स्टुलावर चढून घड्याळाचा सेल काढलास, दुसरा कुठल्याशा बॅटरीतला, आणि दोन्ही माझ्या हातात ठेवलेस. त्यांच्यावर चारच फोटो निघाले. ते घड्याळ मग किती महिने दहा वाजून दहा मिनिटांवर उभं होतं आणि तू कारखान्याच्या भोंग्यावर वेळ बघायचीस.

आता भिंतीवर तुझा जो फोटो आहे तो मतदार कार्डावरून मोठा केलेला आहे. शिरूरच्या स्टुडिओवाल्यानं मागं निळं आकाश घातलं आणि कॉम्प्युटरवर तुझ्या डोक्यावरून पदर ओढून दिला. तुला बघून कुणालाही वाटेल, ही बाई कधी हसलीच नसेल. तुझा हसरा असा एकच फोटो होता आणि तो मी पुसला. त्या दिवसापासून माझ्याच्यानं काही पुसवत नाही. मला वाटायचं हा माझा बाणा आहे, यावर मी एक लेखही लिहिलाय, लोकांनी वाहवा केली. आता टपरीवर बसून ते आठवलं की कसंतरी होतं. त्या बाईनं मला तिचा चेहरा सांभाळायला दिला नव्हता. पुसायला सांगितला होता.

पाच वाजायला आले. प्रकाशकाचा दुसरा फोन येऊन गेला, मी उचलला नाही. पलीकडून टेम्पो रिकामे परत यायला लागलेत, म्हणजे बाजार मोडत आलाय. तिला साडेपाचला निघावं लागतं. कंपनी सुटल्याच्या वेळेला घरी पोचायचं असतं. मी जाणार आहे आणि कॅमेरा तिच्या हातात देणार आहे, सातही फोटो उघडून. बटण कुठलं ते दाखवणार आहे. तिनं पुसले तर लॅपटॉपवरचे मी पुसणार आहे आणि प्रकाशकाकडं गेलेला छोटाही पुसायला लावणार आहे. कव्हर नाही झालं तर नाही झालं, असं म्हणायला मला जमत नाहीये, पण बटण तिच्याच अंगठ्याखाली असणार. कदाचित ती मला शिव्या घालेल. घालू दे. तो लसूण तरी मी परत करू शकत नाही, निम्मा खाल्ला.

हे तुला लिहिलंय ते कुठं पाठवायचं नसतं हे मला कळतं. तरी एक राहिलंय, ते सांगते आणि उठते. तू जाईपर्यंत मी सगळ्यांना हेच सांगत होते की तो फोटो चुकून आला, गर्दीत कळलंच नाही कोण आहे. तूही तसंच धरून चाललीस, निदान मला तसं वाटायचं. आई, मला तू दिसली होतीस. बटण दाबायच्या आधी दिसली होतीस. मामाचा हात सोडून मी चार पावलं पुढं आले होते तुझं हसणं नीट यावं म्हणून. आणि त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात कॅमेरा फिरत असताना तो फोटो कितवा आहे हे मला पाठ होतं. तुला घरात असं हसताना कुणी बघितलं नव्हतं. मला वाटलं, आप्पांनी बघावं.

चहाचे पैसे दिलेत. लॅपटॉप मिटते. तू काही बोलायच्या आत मला पूल ओलांडायचाय.